अमेरिकेत मेडिकलला जायचंय? बायोकेमिस्ट्री कधी घ्यायची, कोणती घ्यायची

भारतात बारावीनंतर नीट देऊन एमबीबीएसला गेलेल्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. तिथे बायोकेमिस्ट्री पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीच्या बरोबरीने येते, सगळ्यांना येते, आणि ती आधी शिकून यावी अशी कुणाची अपेक्षा नसते. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, त्यातच मेडिकलसाठी लागणारे विषय, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग अर्ज, आणि निवड झाली तर पुढची चार वर्षं मेडिकल स्कूल. ‘प्री-मेड’ ही बहुतेक कॉलेजांत पदवी नसते. तो निरनिराळ्या विभागांतल्या विषयांचा संच असतो आणि कोणता विषय कधी घ्यायचा हे मुलांनी स्वतः ठरवायचं असतं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मुलगी फोनवर विचारते, “बायोकेम आत्ता घेऊ की पुढच्या वर्षी?” आणि घरात डॉक्टर असूनही उत्तर मिळत नाही, कारण त्या डॉक्टरांची वाटच वेगळी होती.

माझं उत्तर आधीच सांगते: घ्या. किमान एक सेमिस्टर, आणि एमकॅट देण्यापूर्वी. पदवी बायोलॉजीत असो, इंग्रजीत असो की कॉम्प्युटर सायन्समध्ये, सल्ला तोच. थांबण्याची खरी कारणं मोजकीच आहेत, ती पुढे येतील.

पहिली पायरी: स्कूलांची यादी करा

विषय निवडण्याआधी अर्ज कुठे करायचा आहे याचा कच्चा अंदाज हवा. अमेरिकेत सगळ्या मेडिकल स्कूलांना लागू होणारी एकच विषययादी नाही. हार्वर्ड रसायनशास्त्राची जी दोन वर्षं मागतं, त्यात इनऑरगॅनिक आणि ऑरगॅनिकसोबत बायोकेमिस्ट्रीही धरलेली आहे. टेक्सासमधल्या सरकारी मेडिकल स्कूलांचा अर्ज टीएमडीएसएएस या स्वतंत्र व्यवस्थेतून जातो आणि तिच्या विषययादीत बायोकेमिस्ट्री आहे. स्टॅनफर्ड विशिष्ट कोर्सची सक्ती करत नाही, फक्त शिफारस करतं. अलीकडे काही स्कूल ‘कोर्स कोणता घेतला ते आम्ही बघत नाही, तेवढं ज्ञान आहे का ते बघतो’ अशा धोरणाकडे वळली आहेत.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं असेल तर एएएमसी या अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा एमएसएआर नावाचा डेटाबेस आहे. थोडे पैसे भरून वर्षभर वापरता येतो आणि पैसे वसूल होतात. प्रत्येक स्कूलच्या पानावर कोणता विषय सक्तीचा आणि कोणता शिफारशीचा ते दिसतं. त्यावरून एक साधी एक्सेल शीट बनवा. स्कूलचं नाव, बायोकेम सक्तीची की शिफारशीची, लॅब लागते का, एपीचे (हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेज-पातळीच्या कोर्सचे) क्रेडिट चालतात का, ऑनलाइन किंवा कम्युनिटी कॉलेजचा कोर्स चालतो का, एवढे रकाने पुरेत. मग त्या-त्या स्कूलच्या संकेतस्थळावर जाऊन खात्री करा, कारण नियम बदलतात.

यादीत ‘शिफारस’ असं लिहिलेलं असलं तरी तुम्ही ते ‘सक्ती’ म्हणूनच वाचा. एका जागेसाठी कितीतरी अर्ज येतात, आणि शिफारस केलेला विषय जवळपास सगळ्यांनी घेतलेला असताना तुमच्याच ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) तो नसावा, याला कारण काय देणार?

यादी करताना आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. मूल एच-४ (पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असेल, तर त्याला प्रवेश देणारी स्कूलं फार थोडी असतात. एमएसएआरमध्ये तीही माहिती मिळते. हा प्रश्न बायोकेमच्या आधीचा आहे, म्हणून यादीच्या टप्प्यावरच तो पाहून घ्या.

दुसरी पायरी: एमकॅटमध्ये काय येतं ते समजून घ्या

पूर्वी बायोकेम ‘असलेली बरी’ या गटात मोडायची. २०१५ साली एमकॅट बदलली. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीचा नवा भाग आला आणि बायोकेमिस्ट्रीला परीक्षेत पक्की जागा मिळाली. आता परीक्षेत चार भाग आणि एकूण २३० प्रश्न असतात. गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर मिळतात. केमिस्ट्री-फिजिक्सच्या भागात ५९ प्रश्न, बायोलॉजी-बायोकेमिस्ट्रीच्या भागातही ५९, आणि या दोन्ही भागांत सुमारे २५ टक्के प्रश्न पहिल्या सेमिस्टरच्या बायोकेमिस्ट्रीवर असतात. म्हणजे तीसेक प्रश्न. ऑरगॅनिकसाठी मुलं दोन सेमिस्टर घाम गाळतात, पण परीक्षेत तिचा वाटा याहून बराच कमी आहे.

आकड्यांपेक्षा प्रश्नांचं स्वरूप महत्त्वाचं. विज्ञानाच्या प्रत्येक भागात ५९ पैकी ४४ प्रश्न उताऱ्यांवर आधारित असतात. उतारा बहुतेक वेळा एखाद्या प्रयोगाचा असतो: एका एन्झाइममधलं एक अमिनो ॲसिड बदललं, वेग असा पडला, आलेख असा आला, तर कारण काय? पाठांतरावर हे सुटत नाही.

एक उदाहरण सविस्तर घेते, कारण बायोकेम आधी शिकलेल्या आणि न शिकलेल्या विद्यार्थ्यातला फरक त्यात नीट दिसतो. सिकल सेल हा आजार विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत आढळतो, त्यामुळे नाव आपल्याला ओळखीचं आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, हे हायस्कूलच्या पुस्तकातही असतं. एमकॅट त्याच्या पुढचं विचारते. सामान्य हिमोग्लोबिन आणि सिकल हिमोग्लोबिन क्षारीय जेलमध्ये विद्युतप्रवाहाखाली सोडलं, तर धन टोकाकडे कोणतं हळू सरकेल? ग्लुटामिक ॲसिडच्या बाजूच्या साखळीवर त्या पीएचला ऋण भार असतो आणि व्हॅलिनवर भार नसतो, हे माहीत असलं की उत्तर समोर येतं. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत दोन बीटा साखळ्या, म्हणजे दोन ऋण भार गेले, म्हणून सिकल हिमोग्लोबिन हळू सरकतं. मग पुढचा प्रश्न: ऑक्सिजन सुटल्यावरच पेशी कोयत्यासारखी का वाकते? व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहतं. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूवर व्हॅलिनला बसायला जागा तयार होते. रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांचे लांब धागे बनतात. अमिनो ॲसिडचा भार, पीएच, प्रोटीनची घडी आणि प्रयोगाचं तंत्र या चार गोष्टी एका आजारात एकत्र आल्या. वर्गात चौदा-पंधरा आठवडे अशी सांगड घालायची सवय लागलेली असते. परीक्षेच्या तयारीच्या दोन-तीन महिन्यांत सायकॉलॉजीपासून फिजिक्सपर्यंत सगळं बघताना ती लावून घेणं फार कठीण जातं.

स्वतः वाचून बायोकेम करणारी मुलं आहेत आणि त्यांतली काही उत्तम गुणही मिळवतात. पण ती बहुतेक ऑरगॅनिक आणि सेल बायोलॉजीत पक्की असतात. सर्वसाधारण विद्यार्थ्याला मी हा मार्ग सुचवणार नाही.

तिसरी पायरी: योग्य कोर्स ओळखा

इथे सगळ्यात जास्त मुलं फसतात, म्हणून सावकाश वाचा.

बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत बायोकेमिस्ट्रीचे दोन प्रकार चालतात. एक असतो एका सेमिस्टरचा सर्वेक्षण कोर्स. त्यात अमिनो ॲसिड, प्रोटीन, एन्झाइम, कार्बोहायड्रेट, लिपिड आणि मुख्य चयापचय (मेटाबॉलिझम), म्हणजे ग्लायकोलिसिस, सायट्रिक ॲसिड सायकल, ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशन, सगळं थोडं-थोडं येतं. दुसरा प्रकार दोन सेमिस्टरचा, बायोकेम मेजर (पदवीचा मुख्य विषय) करणाऱ्यांसाठी. त्याच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये प्रोटीन आणि एन्झाइम अतिशय खोलात शिकवतात आणि चयापचय पुष्कळदा दुसऱ्या सेमिस्टरला ढकलतात. एमकॅटला मात्र दोन्ही लागतं. दोन सेमिस्टरच्या मालिकेतलं फक्त पहिलं करून परीक्षेला बसलात तर मेटाबॉलिझम स्वतःच शिकावं लागेल. त्यामुळे दोन्ही सेमिस्टर घेणं ठरलेलं नसेल, तर मेजर नसलेल्या विद्यार्थ्याला एका सेमिस्टरचा पूर्ण सर्वेक्षण कोर्सच जास्त उपयोगी.

कोर्सच्या नावावर जाऊ नका. रजिस्ट्रेशनच्या आधी सिलॅबस मागवा आणि आठवड्यांचं वेळापत्रक वाचा. शेवटच्या काही आठवड्यांत सायट्रिक ॲसिड सायकल आणि इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन दिसते का? पूर्वअट म्हणून ऑरगॅनिक मागितलं आहे का? नर्सिंग किंवा न्यूट्रिशनसाठी आखलेले, ऑरगॅनिक न मागणारे प्राथमिक कोर्सही ‘बायोकेमिस्ट्री’ या नावाने चालतात. मेडिकल स्कूलला ते सहसा पुरत नाहीत. कोर्स केमिस्ट्री विभागाचा असला काय किंवा बायोलॉजीचा असला काय, फारसा फरक पडत नाही. पातळी वरच्या वर्गाची हवी. लॅब बहुतेक ठिकाणी लागत नाही, पण तुमची शीट काय म्हणते ते बघा.

एपी केमिस्ट्रीचे क्रेडिट घेऊन पहिलं वर्ष वाचवलेल्यांना बायोकेम आणखी एका कारणाने उपयोगी पडते. एपीचे क्रेडिट पूर्ण न मानणारी स्कूलं त्याऐवजी त्याच विषयातला वरच्या पातळीचा कोर्स मागतात आणि तिथे बायोकेम अनेकदा चालते. काही स्कूल तर ऑरगॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या जागी बायोकेम मान्य करतात. मात्र यादीतल्या प्रत्येक स्कूलला ते चालतं का हे पाहिल्याशिवाय ऑरगॅनिक-२ सोडू नका.

चौथी पायरी: वेळ मागून पुढे मोजा

साखळी अशी: जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिकची दोन, मग बायोकेम. काही कॉलेजं ऑरगॅनिक-१ नंतरच बायोकेमला बसू देतात. मधला एक दुवा हुकला की पुढचं सगळं सहा महिने किंवा वर्षभर पुढे जातं, म्हणून पहिल्याच सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री सुरू करणं महत्त्वाचं.

आता शेवटाकडून मोजू. एमडीच्या (अमेरिकेत ही मेडिकलची पहिली पदवी) बहुतेक स्कूलांसाठीचा सामायिक अर्ज, ॲमकॅस, मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतो आणि मेच्या अखेरीपासून सादर करता येतो. प्रवेश पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. बहुतेक स्कूल अर्ज येतील तसे तपासतात, त्यामुळे जून महिन्यातला अर्ज आणि सप्टेंबरमधला अर्ज यांत मोठा फरक पडतो. एमकॅट जानेवारीत असते आणि नंतर वसंतापासून सप्टेंबरपर्यंत तिच्या अनेक तारखा असतात. निकालाला साधारण महिना लागतो. म्हणजे अर्जाच्या वर्षी एप्रिल-मेपर्यंत परीक्षा झालेली बरी, आणि त्याच्या आधीच्या फॉल सेमिस्टरला (ऑगस्ट ते डिसेंबर) बायोकेम झालेली बरी. चौथं वर्ष संपताच मेडिकलला जायचं असेल तर हा फॉल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाचा येतो. पदवीनंतर एक वर्ष थांबून जाणार असाल तर चौथ्या वर्षाचा फॉलही चालेल. आता बरीच मुलं असं एखादं वर्ष थांबतात आणि त्यात काहीही कमीपणा नाही. आपल्याकडे ‘वर्ष वाया गेलं’ ही भावना खोल रुजलेली आहे. इथे त्या वर्षी मुलं संशोधन करतात, दवाखान्यात काम करतात आणि अर्ज आणखी भक्कम होतो.

बायोकेम आणि एमकॅट यांत एका सेमिस्टरहून जास्त अंतर पडू देऊ नका. दुसऱ्या वर्षी घाईने बायोकेम उरकून दीड वर्षाने परीक्षा दिली तर पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.

उन्हाळ्यात सहा-आठ आठवड्यांत बायोकेम उरकायचा मोह होतो. त्या सेमिस्टरला दुसरा एकही विषय नसेल, नोकरी नसेल आणि भारतात लग्नाला किंवा आजी-आजोबांना भेटायला जायचं नसेल, तरच तो विचार करा. त्या वेगाने मेटाबॉलिझम डोक्यात मुरत नाही. ज्या उन्हाळ्यात एमकॅटची तयारी असेल, त्या उन्हाळ्यातली भारतवारी घरच्यांनी पुढे ढकलावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाचवी पायरी: ग्रेडचा विचार

ॲमकॅस एकूण जीपीएशिवाय (ग्रेडच्या सरासरीशिवाय) विज्ञानाचा वेगळा जीपीए काढतं. त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित मोजलं जातं. बायोकेम त्यात येते. विषय पुन्हा घेतला तर कॉलेज कदाचित जुनी ग्रेड पुसेल, पण ॲमकॅस दोन्ही मोजतं. पास-फेल पद्धतीने घेतलेला सक्तीचा विषय बहुतेक स्कूल मानत नाहीत आणि ‘सी’च्या खालची ग्रेड अनेक ठिकाणी चालत नाही.

म्हणून बायोकेमच्या सेमिस्टरला फिजिक्स, त्याची लॅब, आणखी एक अवघड विषय आणि संशोधनाचे तास असं सगळं एकत्र लादू नका. पालकांनो, मूल म्हणालं की या सेमिस्टरला विषय कमी घेतो, तर ते मान्य करा. ड्रॉप करण्याची आणि विथड्रॉ करण्याची शेवटची तारीख पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवायला सांगा. पहिल्या परीक्षेत गुण फार कमी आले तर तेव्हाच प्राध्यापकांशी बोलून निर्णय घेता येतो.

ऑरगॅनिक-१ मध्ये ‘सी’ आली असेल तर बायोकेम जमणार नाही असं समजू नका. विषय वेगळा आहे. ऑरगॅनिकमध्ये नव्या रेणूची बांधणी कशी करायची हे शोधावं लागतं. बायोकेममध्ये शरीराने ती आधीच ठरवलेली असते आणि आपल्याला तिचं कारण समजून घ्यायचं असतं. बाण काढून अभिक्रिया दाखवणं ज्यांना जड गेलं, अशा कित्येकांना एन्झाइम आवडतात.

आधी न घेता अर्ज केला तर?

काही वेळा तेच शहाणपणाचं असतं. पदवी पूर्ण झाल्यावर मेडिकलचा विचार सुरू केलेल्यांची साखळी अजून पूर्ण झालेली नसते. त्यांना अर्जात बायोकेम ‘पुढे घेणार’ अशी नोंदवता येते आणि प्रवेशाच्या आधी ती पूर्ण करायची अट असते. मात्र एमकॅटसाठी तो भाग स्वतः करावा लागेल, हे धरून चला. दुसरा गट बीएस-एमडीच्या, म्हणजे पदवी आणि मेडिकलच्या, एकत्रित कार्यक्रमात गेलेल्यांचा. काही कार्यक्रमांत एमकॅट लागत नाही, तेव्हा बायोकेम कधी घ्यायची ते कार्यक्रमाचं वेळापत्रकच सांगतं. तिसरा, ज्यांच्यावर त्या वर्षी घरातलं आजारपण किंवा अर्ध्याहून अधिक वेळाची नोकरी असा भार आहे. त्यांनी घाईने विषय घेऊन ग्रेड बिघडवण्यापेक्षा अर्जच एक वर्ष पुढे ढकलावा.

भारतात बीएस्सी करून आलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. तिथली बायोकेमिस्ट्री कितीही चांगली झाली असली तरी ॲमकॅस परदेशी ट्रान्सक्रिप्ट तपासत नाही आणि बहुतेक स्कूल अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजातले विषय मागतात. म्हणजे इथे पुन्हा घ्यावी लागेल. एमबीबीएस पूर्ण करून आलेल्यांना ही वाटच नाही. त्यांनी यूएसएमएलई ही डॉक्टरांची परवाना-परीक्षा देऊन थेट रेसिडेन्सीकडे (हॉस्पिटलमधल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाकडे) जायचं.

कोर्स सुरू झाल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत वीस अमिनो ॲसिड पक्की करा: पूर्ण नाव, तीन अक्षरी खूण, एक अक्षरी खूण, बाजूच्या साखळीचा स्वभाव आणि पीएच ७ ला भार. पाढ्यांसारखं हे तोंडपाठ असलं की पुढचं सगळं सोपं जातं. एन्झाइमच्या वेगाचे आलेख हाताने काढा. स्पर्धा करणारा इनहिबिटर (एन्झाइमला अडवणारा रेणू) आला की केएम (अर्धा वेग गाठायला लागणारा सबस्ट्रेट) वाढतो आणि व्हीमॅक्स (सर्वाधिक वेग) तसाच राहतो, हे वाक्य पाठ करण्याऐवजी सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं ते द्रव्य, भरपूर वाढवला तर काय होईल असा विचार करा. उत्तर आपोआप निघेल. कोलेस्ट्रॉलसाठी आई-बाबा घेत असलेलं स्टॅटिन असंच एका एन्झाइमच्या जागेसाठी स्पर्धा करतं.

मेटाबॉलिझम पाठ करायचं असतं, हे नाकारत नाही. पण आधी परिस्थिती घ्या: जेवल्यावर दोन तास, रात्रभर उपाशी, दोन दिवसांचा निर्जळी उपवास. प्रत्येक वेळी यकृत काय करतंय, स्नायू काय जाळतोय, मेंदूला साखर कुठून मिळतेय, ते एका कागदावर काढा. यकृतातलं ग्लायकोजेन दिवसभरात जवळपास संपतं, मग नवी साखर तयार करावी लागते, मग कीटोन वाढतात. मार्गातल्या पायऱ्या या चित्रावर बसवल्या की लक्षात राहतात. प्रायमाक्विन हे मलेरियाचं औषध घेतल्यावर जी६पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी का फुटतात, हेही अशाच एका मार्गातून कळतं. मेडिकल स्कूलच्या पहिल्या काही महिन्यांत हे सगळं पुन्हा येतं, फार वेगाने येतं, आणि एकदा नजरेखालून गेलेलं असलं की त्या काळात झोपायला वेळ मिळतो.

प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी ठेवलेल्या वेळेला) जा. बऱ्याच स्कूलांना विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. पहिल्या वर्षी तीनशे मुलांच्या जनरल केमिस्ट्रीत तुमचा चेहरा कुणाला आठवणार नाही. बायोकेमचा वर्ग सहसा लहान असतो. आपल्या मुलांना शिक्षकांकडे जाऊन बोलायचा संकोच वाटतो. चांगला प्रश्न घेऊन गेलेला विद्यार्थी शिक्षकांना आवडतो, एवढं लक्षात ठेवा. पत्र सेमिस्टर संपताच मागा, वर्षभराने नको. मागताना रिझ्युमे, त्या कोर्समधलं तुमचं चांगलं काम आणि अर्जाची तारीख एकाच ईमेलमध्ये द्या. कोर्सचा सिलॅबसही जपून ठेवा. हा विषय आमच्या अटीत बसतो का, असं एखादं स्कूल पुढे विचारतं तेव्हा तोच पाठवावा लागतो.